लोखंड : ओपाऊचे आणि भोपाळचे

'उत्प्रेरक' हा शब्द आपल्या वाङ्मयीन लेखनात आता चांगला रुळला आहे. अमुक नियतकालिक नव्या कथेला उत्प्रेरक ठरले, तमुक व्याख्यानमाला ग्रामीण साहित्याच्या चळवळीला उत्प्रेरक झाली, अशी वाक्ये आपण नित्य वाचतो आणि लिहितो. या प्रयोगांत तो शब्द नेहमीच प्रशंसावाचक असतो. शब्द मूळचा रसायनशास्त्राचा. तेथून साहित्याच्या अंगणात येताना त्याच्या अर्थाचा एक महत्त्वाचा भाग मात्र मागे राहिला. तो भाग कोणता, हे उत्प्रेरकांच्या इतिहासावरून दाखवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रसायनशास्त्र हा माझ्या अध्ययनाचा विषय नव्हे. परंतु ज्या शहरात दरवर्षी ३ डिसेंबरला गॅसपीडितांच्या स्मरणार्थ शाळा बंद असतात, त्या शहरात अध्यापन करणाऱ्याला या विषयाकडे पाठ फिरवता येत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ च्या आपल्या वार्षिक वृत्तान्तात, काही पदार्थ स्वतः खर्ची न पडता इतर पदार्थांत रासायनिक बदल घडवून आणतात, या निरीक्षणाला 'कॅटॅलिसिस' असे ग्रीक नाव दिले. त्याचा धात्वर्थ सोडवणे, सैल करणे, विघटित करणे असा आहे. आपल्या परिभाषाकारांनी संस्कृतातील 'प्रेरणा' घेऊन 'उत्प्रेरण' हा शब्द घडवला. एका भाषेने बंध सैल होण्यावर भर दिला, दुसरीने पुढे ढकलण्यावर. दोन्ही अर्थ यथार्थ आहेत, हे पुढे दिसून येईल.

विद्यार्थ्यांना समजावताना पुष्कळदा विरजणाचा दृष्टान्त दिला जातो. तो पुरता जुळत नाही, कारण विरजण दुधात वाढत जाते. उत्प्रेरक वाढत नाही आणि संपतही नाही. त्यापेक्षा बोरघाटाचा दृष्टान्त अधिक उपयोगी आहे. पुणे आणि मुंबई यांच्या उंचीतील अंतर निसर्गाने ठरवले आहे आणि कोणताही रस्ता ते बदलू शकत नाही. पण मधला सह्याद्री कड्यावरून ओलांडायचा की घाटातून, यावर प्रवासाला किती काळ लागेल हे अवलंबून असते. उत्प्रेरक हा असा घाट आहे. जी प्रक्रिया मुळात शक्यच नाही ती त्याच्याने घडत नाही. जी शक्य आहे, पण एरवी वर्षानुवर्षे रेंगाळली असती, ती तो क्षणांत घडवतो. ओस्टवाल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच गोष्ट नेमक्या शब्दांत मांडली, आणि त्याला १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्प्रेरकाचा खरा अंमल काळावर चालतो. मग चांगला उत्प्रेरक कोणता? जो सर्वांत जलद तो, असे उत्तर प्रथमदर्शनी सुचते. इतिहासाने हे उत्तर पुनःपुन्हा दुरुस्त केले आहे.

पहिली दुरुस्ती गंधकाम्लाच्या कारखान्यात झाली. १८३१ मध्ये ब्रिस्टल येथील पेरेग्रीन फिलिप्स या शिरक्याच्या व्यापाऱ्याने, तप्त प्लॅटिनमवरून गंधकाचा धूर आणि हवा नेली असता गंधकाम्ल करता येते, असे एकस्व घेतले. प्लॅटिनमची क्रियाशीलता निर्विवाद होती. तरीही ही पद्धती व्यवहारात यायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. खनिजातून येणाऱ्या वायूंत सोमलाचा अंश असे आणि तो प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर बसला की ते निकामी होई. यालाच रसायनशास्त्रज्ञ 'उत्प्रेरकाची विषबाधा' म्हणतात. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॅनेडियमच्या ऑक्साइडाने प्लॅटिनमची जागा घेतली. व्हॅनेडियमला अधिक उष्णता लागे आणि वेगात ते प्लॅटिनमहून उणे होते. परंतु ते स्वस्त होते आणि सोमलाला सहजासहजी बळी पडत नव्हते. म्हणजे तुलनेत वेगाच्या जोडीला टिकाऊपणाचा आणि किमतीचा रकाना आला.

दुसरी आणि फार मोठी तुलना अमोनियाच्या निमित्ताने झाली. १८९८ मध्ये विल्यम क्रुक्स याने ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून इशारा दिला होता की, नत्रयुक्त खताचा नवा उगम सापडला नाही तर गहू खाणाऱ्या राष्ट्रांवर उपासमार ओढवेल. हवेत नत्रवायू विपुल आहे, पण त्याच्या दोन अणूंचा परस्परबंध इतका घट्ट आहे की पिकाला त्याचा उपयोग नाही. फ्रिट्झ हाबर याने कार्ल्सरूह येथे २ जुलै १९०९ रोजी प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या साह्याने नत्र आणि हायड्रोजन यांपासून द्रव अमोनिया करून दाखवला. त्याचा उत्प्रेरक होता ऑस्मियम. हा धातू पृथ्वीवर इतका दुर्मिळ आहे की त्याच्या जोरावर एखादे राष्ट्र सोडाच, एखादा जिल्हाही पोसला गेला नसता. हाबरला युरेनियमही उपयुक्त आढळले होते, पण पाणी आणि प्राणवायू यांच्या संसर्गाने ते बिघडे.

हे काम कारखान्यात उतरवण्याची जबाबदारी बाडिश कंपनीच्या कार्ल बॉशवर आली, आणि उत्प्रेरक शोधण्याची आल्विन मिटाशवर. मिटाशने जे केले ते उत्प्रेरकांच्या तुलनेच्या इतिहासातील पहिले महापर्व मानावे लागेल. त्याने छोट्या प्रयोगनळ्यांची एक रांगच उभी केली. प्रत्येक नळीत दोनेक ग्रॅम पदार्थ, तोच दाब, तीच उष्णता, तेच वायू. बदलायचा तो केवळ उत्प्रेरक. १९१२ च्या प्रारंभापर्यंत सुमारे २,५०० पदार्थांच्या ६,५०० कसोट्या झाल्या होत्या, आणि पुढील दशकात ही संख्या २०,००० च्या घरात गेली. शाळेतील परीक्षकाला येथे ओळखीची गोष्ट आढळेल. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच नसेल तर गुणांची तुलना निरर्थक ठरते, हे तत्त्व मिटाशने धातूंना लावले.

या परीक्षेचा निकाल मोठा मनोरंजक लागला. शुद्ध लोखंड सामान्य ठरले. पण १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमधील येलिवारे येथील लोहखनिजाचा एक नमुना नळीत घातला गेला आणि त्याने उत्कृष्ट काम दिले. कारण शोधता असे आढळले की त्या खनिजात इतर द्रव्यांचे अल्प अंश मिसळलेले होते. मग हेतुपुरस्सर लोखंडात ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि पोटॅश यांचा अंश मिसळण्यात आला आणि ऑस्मियमची गरज उरली नाही. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये ऱ्हाइनकाठच्या ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. लोखंडाच्या पृष्ठभागावर नत्राचा बंध आधी सुटतो आणि मग हायड्रोजन एकेक करून त्याला जोडला जातो, हे गेरहार्ड अर्ट्ल याने पुढे अणूंच्या पातळीवर दाखवले आणि त्याला २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्झेलियसचा 'सैल करणे' हा ग्रीक अर्थ येथे अक्षरशः खरा ठरला.

आपल्या देशात सिंद्रीचा खतकारखाना १९५१ मध्ये आणि मुंबईजवळचा तुर्भ्याचा १९६५ मध्ये उत्पादन करू लागला. त्यामागे मिटाशच्या त्या नळ्यांचीच परंपरा आहे. आज जगातील निम्म्याच्या आसपास लोकसंख्येचे अन्न या कृत्रिम नत्रावर अवलंबून आहे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पुढे रुथेनियम हा लोखंडाहून अधिक क्रियाशील उत्प्रेरक व्यवहारात आला, तरी बहुतेक कारखान्यांनी स्वस्त आणि टिकाऊ लोखंड सोडले नाही. मात्र हे सांगताना त्याच कारखान्याची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. पहिल्या महायुद्धात ओपाऊच्या अमोनियापासून जर्मनीची स्फोटके तयार झाली. आणि २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊ येथील खताच्या साठ्याचा भीषण स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे उत्प्रेरकाचा दोष नव्हता. जे निर्माण केले त्याचा प्रचंड साठा आणि तो हाताळण्याची रीत यांचा तो दोष होता. ही नोंद लक्षात ठेवावी, कारण तिची पुनरावृत्ती आपल्याला पाहावयाची आहे.

तिसरी दुरुस्ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली. पातळ तेलात निकेलच्या साह्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती सबात्ये आणि नोर्मान यांच्या संशोधनातून निघाली. तिच्यातून वनस्पती तूप जन्मले आणि मुंबईच्या शिवडीतील कारखान्यामुळे डालड्याचा पिवळा डबा घरोघर पोचला. निकेल स्वस्त होते, जलद होते आणि गाळून वेगळे करता येत होते. तीनही रकान्यांत ते उत्तीर्ण. परंतु तेलाच्या रेणूंत हवा तो बदल करीत असताना ते काही रेणूंना नको तसे वळवीत होते. त्यांनाच आपण 'ट्रान्स-मेद' म्हणतो. हे मेद हृदयाला अपायकारक आहेत हे कळायला कित्येक दशके लागली, आणि खाद्यपदार्थांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०२२ पासून लागू झाला. हव्या त्या प्रक्रियेला वाट देणे आणि नको त्या प्रक्रियेला न देणे, या गुणाला 'निवडक्षमता' म्हणतात. तुलनेच्या तक्त्यात हा रकाना आज कदाचित सर्वांत मोलाचा मानला जातो.

निवडक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्राच्या भूमीवर झालेले एक काम अभिमानाने सांगण्याजोगे आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत झिओलाइट नावाचे सुंदर स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. या कुळातील स्फटिकांत रेणूंच्या मापाची सूक्ष्म छिद्रे असतात. प्रयोगशाळेत हव्या त्या मापाच्या छिद्रांचे कृत्रिम झिओलाइट करता आले, तर तो उत्प्रेरकही होतो आणि चाळणीही. सडपातळ रेणू पार जातो, रुंद रेणू अडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) पॉल रत्नसामी आणि त्यांचे सहकारी यांनी असा उत्प्रेरक सिद्ध केला. झायलीन नावाच्या द्रव्याच्या भावंडांतून कृत्रिम धाग्यासाठी लागणारे नेमके भावंड अधिक मिळावे, यासाठी तो १९८५ मध्ये बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात वापरात आला.

त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतील काही शास्त्रज्ञ एका अगदी निराळ्या उत्प्रेरकाच्या विचारात गढले होते. त्याला कोणी निवडले नव्हते आणि त्याची कोणतीही परीक्षा झाली नव्हती.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४१ टन मिथिल आयसोसायनेट साठवलेले होते. हे द्रव्य ३९ अंश सेल्सियसला उकळते. 'सेव्हिन' हे कीटकनाशक करण्याच्या मार्गावरील हा एक मधला टप्पा होता. टाकी पोलादाची, न गंजणाऱ्या जातीची होती. कंपनीच्याच १९७६ च्या पुस्तिकेत साधे लोखंड, जस्त, कथील, तांबे यांचा या द्रव्याशी संपर्क येऊ देऊ नये असे बजावलेले होते, कारण त्यांच्या सान्निध्यात त्याचे रेणू परस्परांशी धोकादायक वेगाने जोडले जाऊ शकतात. म्हणजे लोखंड या द्रव्याचा उत्प्रेरक आहे, ही गोष्ट अज्ञात नव्हती.

त्या रात्री टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले याविषयी कंपनीचे म्हणणे आणि इतरांचे म्हणणे यांत तीव्र मतभेद आहेत आणि त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पुढे काय घडले याचा शोध केंद्र सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली घेतला. या पथकात पुण्याच्या प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक डॉ. एल. के. दोरायस्वामी होते आणि गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकरही होते. टाकीच्या तळाशी उरलेल्या अवशेषांचे पृथक्करण करून, त्या रात्री आत कोणत्या प्रक्रिया कोणत्या क्रमाने झाल्या असाव्यात, याचा त्यांनी माग काढला. त्यांचा अहवाल डिसेंबर १९८५ मध्ये पूर्ण झाला. इतिहासकार जीर्ण कागदांवरून भूतकाळ उभा करतो, तसेच हे काम होते.

त्या अवशेषात मिथिल आयसोसायनेटचे तीन रेणू जुळून झालेला वलयाकार पदार्थ मोठ्या प्रमाणात होता, आणि लोखंड, क्रोमियम, निकेल हे पोलादाचे घटकही होते. यावरून दिसणारी साखळी अशी : पाण्याची त्या द्रव्याशी प्रक्रिया सुरुवातीस मंद असते, पण तीतून उष्णता आणि कर्बद्विप्राणिल वायू निघतो. द्रव्य तापू लागते. कंपनीच्या चौकशीनुसार त्या टाकीतील मालात क्लोरोफॉर्मचे प्रमाण ठरलेल्या ०.५ टक्क्याऐवजी १२ ते १६ टक्के असावे. उष्णता वाढल्यावर त्यातून आम्ल तयार होते आणि न गंजणारे म्हणवणारे पोलादही त्याला बळी पडते. लोखंड द्रव्यात उतरते. ते उतरताच तीन-तीन रेणू जुळण्याची प्रक्रिया भरधाव होते. तीतून आणखी उष्णता निघते, त्यामुळे आणखी आम्ल आणि आणखी लोखंड. कोणत्या धातूचा वाटा किती आणि तो नेमका कोठून आला, याविषयी अभ्यासकांच्या मांडणीत फरक आहेत. अनाहूत धातूने उत्प्रेरकाचे काम केले, याविषयी मात्र एकवाक्यता आहे.

या साखळीचा वेग मापकावरील आकड्यांत दिसतो. रात्री ११ च्या सुमारास टाकीतील दाब प्रतिचौरस इंच १० पौंड होता. तो नेहमीच्या मर्यादेत असल्यामुळे कोणाला वावगे वाटले नाही. दीड-दोन तासांत काटा ५५ या अखेरच्या आकड्यापलीकडे गेला. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्या वर्षीच्या मध्यापासून बंद होती. निसटलेला वायू जाळणारी ज्वालायंत्रणा दुरुस्तीसाठी खंडित होती. वायू धुऊन घेणारी यंत्रणा इतक्या प्रचंड लोंढ्यापुढे अपुरी ठरली. पुढचे भोपाळकरांना सांगावे लागत नाही. भरपाईच्या सरकारी नोंदींत मृतांची संख्या ५,२९५ आहे. पीडितांच्या संघटना ती कितीतरी अधिक मानतात, आणि बाधितांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे.

ओपाऊच्या लोखंडाने नत्राला भाकरीच्या वाटेवर आणले, भोपाळच्या लोखंडाने एका बंद टाकीला मृत्यूच्या वाटेवर नेले. धातू एकच. निसर्गाने दोन्ही ठिकाणी एकच नियम पाळला. फरक होता तो माणसाच्या तयारीत. ओपाऊच्या भट्टीत लोखंड हजारो कसोट्यांनंतर, नियत प्रमाणात आणि दाब-उष्णता यांच्या पहाऱ्यात बसवले होते. भोपाळच्या टाकीत ते आमंत्रणावाचून आले, आणि जे पहारे त्याला रोखण्यासाठी होते ते एकेक करून उठवले गेले होते. म्हणून लोखंडाला अपराधी ठरवणे ही माणसाची जबाबदारी धातूवर ढकलण्याची पळवाट होईल. उत्प्रेरक शक्यता निर्माण करीत नाही, हे आपण आरंभी पाहिले. ४१ टन विषारी द्रव्य दाट वस्तीच्या कडेला साठवल्याने शक्यता आधीच निर्माण झाली होती. लोखंडाने तिचा काळ तेवढा आखूड केला.

या आपत्तीनंतर उत्प्रेरकांच्या तुलनेत आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला : अमुक उत्प्रेरकामुळे घातक द्रव्याचा साठा टळतो काय? ड्यू पाँट या अमेरिकी कंपनीने १९८५ च्या सुमारास, अपायाला कमी अशा द्रव्यापासून चांदीच्या उत्प्रेरकावर मिथिल आयसोसायनेट लागेल तेवढेच तयार करावे आणि लगेच पुढच्या प्रक्रियेत वापरून टाकावे, अशी पद्धती बसवली. ते साठवण्याचे कारण उरले नाही. १९९८ मध्ये अनस्टस आणि वॉर्नर यांनी 'हरित रसायना'ची बारा तत्त्वे मांडली, त्यांत निवडक्षम उत्प्रेरकांचा वापर हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. तथापि चांगला उत्प्रेरक लाभला म्हणजे सावधपणाची गरज संपत नाही. टेक्सासमधील ला पोर्ट येथील त्याच कंपनीच्या कीटकनाशक विभागात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याच एका विषारी वायूची गळती होऊन चार कामगार दगावले.

आता आपल्या शब्दाकडे वळू. साहित्यिक आणि शिक्षक म्हणून आपण जेव्हा एखाद्या व्यक्तीला वा घटनेला उत्प्रेरक म्हणतो, तेव्हा आपण केवळ वेग मोजतो. रसायनशास्त्राने दोनशे वर्षांत तो तक्ता कितीतरी रुंद केला आहे : वेग किती, टिकाव किती, किंमत काय, हव्या त्याच बदलाला वाट देतो की नको त्यालाही, आणि पहारा उठला तर काय होईल. समाजात भाषण, अफवा, वृत्तपत्र, पाठ्यपुस्तक ही सारी अशीच कामे करतात. ती ज्या समाजात पडतात, तेथे आधी काय साठून राहिले आहे, यावर परिणाम अवलंबून असतो. साठा धान्याचा असेल तर एक, विषाचा असेल तर दुसरा.

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत उत्प्रेरकाच्या पाठात लोखंडाचे उदाहरण अमोनियाच्या संदर्भात येते आणि ते योग्यच आहे. भोपाळच्या शिक्षकाने तेथे थांबू नये, एवढेच सुचवावेसे वाटते. त्याच तासाला ६१० क्रमांकाच्या टाकीचे उदाहरणही फळ्यावर लिहावे आणि दोन्ही उदाहरणांखाली एकच प्रश्न द्यावा : येथे लोखंड कोणी ठेवले, कशासाठी, आणि त्यावर लक्ष कोण ठेवीत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थी रसायन शिकेल आणि आपल्या शहराचा इतिहासही.